‘अभिव्यक्ती वाढली’ म्हणता, मग मूळ ब्लॉट दाखवा

‘अमुक आजारात अमुक जनुकाची अभिव्यक्ती तीनपट वाढलेली आढळली.’ म्हणजे त्या जनुकापासून बनणारा आरएनए किंवा प्रथिन तिप्पट झालं. हे वाक्य वाचून आपण पुढे जातो. याच वाक्याच्या जोरावर अनुदानं मिळतात, औषधांची लक्ष्यं ठरतात, बातम्या होतात आणि कधी कधी रुग्ण औषधचाचण्यांत दाखल केले जातात. छापलेला पुरावा मात्र बऱ्याचदा चार बँडची, म्हणजे प्रथिन दाखवणाऱ्या चार पट्ट्यांची, कातरलेली प्रतिमा आणि शेजारी ‘लक्षणीय फरक’ सांगणारे तारे लावलेला स्तंभालेख एवढाच असतो. प्रथिन शोधायला वापरलेलं प्रतिपिंड नक्की कशाला चिकटलं, नमुना किती वेळ टेबलावर पडून होता, पूर्ण जेल कसं दिसत होतं, याचा पत्ता नसतो.

सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनात असा दावा छापायचा असेल, तर न कातरलेले ब्लॉट (प्रथिनांचे बँड दाखवणारी पूर्ण पटलं), आरएनए मोजणाऱ्या क्यूपीसीआर चाचणीचे मूळ सीटी आकडे (कितव्या चक्रात संकेत उमटला ते), आरएनएच्या अनुक्रमणाच्या कच्च्या फाइली आणि प्रतिपिंड खरं असल्याचा पुरावा शोधनिबंधासोबतच जमा झाला पाहिजे. ‘मागितल्यास देऊ’ ही ओळ पुरेशी धरू नये. आणि या तपासणीचा खर्च अनुदान देणाऱ्या संस्थेनं वेगळा मोजून द्यावा.

ही मागणी अवाजवी नाही, हे पाहायला स्तनाच्या कर्करोगाकडे बघावं. हर-टू हे प्रथिन पेशीच्या आवरणावर असतं आणि सुमारे १५ ते २० टक्के स्तन-कर्करोगांत ते प्रमाणाबाहेर बनतं. त्याच्यावरचं औषध, ट्रास्टुझुमॅब, १९९८ मध्ये मंजूर झालं. ते महाग आहे, हृदयाला इजा करू शकतं, आणि ज्यांच्या गाठीत हर-टू वाढलेलं नाही त्यांना त्याचा उपयोग जवळजवळ नाही. म्हणजे हर-टूची अभिव्यक्ती मोजण्यात चूक झाली तर ती थेट रुग्णाच्या अंगावर येते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या आणि विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनांनी पहिली नियमावली काढली, तेव्हा सुमारे २० टक्के हर-टू चाचण्या चुकीच्या असाव्यात असा त्यांचा अंदाज होता. मग नियम कडक झाले. गाठ शरीरातून निघाल्यापासून एका तासाच्या आत फॉर्मलिनमध्ये गेली पाहिजे. त्यात ती किमान ६ आणि कमाल ७२ तास राहिली पाहिजे. हर-टूचं प्रतिपिंड लावल्यावर दहा टक्क्यांहून जास्त पेशींच्या कडेनं संपूर्ण आणि गडद रंग चढला तरच ३+, म्हणजे नक्की वाढलेलं, म्हणायचं. २+, म्हणजे संदिग्ध, आलं तर तिथे थांबायचं नाही, जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी करायची. प्रत्येक वेळी खात्रीचे होकारार्थी आणि नकारार्थी नमुने सोबत चालवायचे.

प्रतिपिंडानं प्रथिन शोधण्याचं हेच तंत्र संशोधन प्रयोगशाळेत आलं की यातलं काहीच बंधनकारक राहत नाही. तिथे २+ आलेला रंगही ‘वाढ’ म्हणून छापून येतो. कारण उघड आहे: केलेल्या चुकीची किंमत तिथे लगेच कोणाला मोजावी लागत नाही.

अर्कातलं प्रथिन प्रतिपिंडानं शोधण्याच्या पद्धतीत, म्हणजे वेस्टर्न ब्लॉटमध्ये, चूक कुठून शिरते ते जवळून पाहू. पेशी फोडून काढलेल्या अर्कातलं एकूण प्रथिन मोजायचं, जेलच्या प्रत्येक लेनमध्ये (रांगेत) सारखं, साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम, भरायचं, जेलवर आकारमानानुसार वेगळं करायचं आणि पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या पटलावर उतरवायचं. पटलावरची मोकळी जागा दुधाच्या पावडरीच्या ५ टक्के द्रावणानं झाकायची, पहिलं प्रतिपिंड रात्रभर ४ अंश सेल्सियसला ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पहिल्याला चिकटणारं दुसरं प्रतिपिंड, मग उमटणारा प्रकाश कॅमेऱ्यानं टिपायचा. सगळ्या लेनमध्ये सारखाच माल पडला हे दाखवण्यासाठी त्याच पटलावर पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या अ‍ॅक्टिनचा बँड घेतात, आणि गोम नेमकी इथे असते. पेशीत अ‍ॅक्टिन इतकं मुबलक असतं की २० मायक्रोग्रॅमला त्याचा प्रकाश बऱ्याचदा कमाल मर्यादेला टेकलेला असतो. एका लेनमध्ये चुकून दुप्पट अर्क पडला, तरी अ‍ॅक्टिन सारखंच दिसतं. ज्याचा शोध चालू आहे ते प्रथिन विरळ असतं, त्याचा बँड मात्र इमानदारीत दुप्पट होतो. निबंधात येतं: ‘अ‍ॅक्टिनच्या तुलनेत दुप्पट वाढ.’

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. एकाच नमुन्याचे २.५, ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम शेजारीशेजारी चालवायचे आणि भरण्याच्या प्रमाणात बँड जिथपर्यंत वाढतो तेवढ्याच टप्प्यात मोजणी करायची. अ‍ॅक्टिनऐवजी संपूर्ण लेनमधलं प्रथिन रंगवून त्यानं भागायचं. पॉन्सो एस या रंगानं ते काही मिनिटांत होतं.   

पण भरणा कितीही काटेकोर असला तरी प्रतिपिंडच भलत्याला चिकटत असेल तर काय? एरिथ्रोपोएटिन हे लाल रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक कर्करोगाच्या रुग्णांना रक्तक्षयावर देतात. गाठीच्या पेशींवरही त्याचा ग्राहक, म्हणजे ते संप्रेरक पकडणारं प्रथिन, असेल तर औषध गाठीलाच पोसेल, अशी रास्त भीती होती. ऊतींच्या कापांवर रंग दाखवून अनेक निबंधांनी ‘ग्राहक आहे’ असं सांगितलं. २००६ मध्ये या प्रतिपिंडांची झडती झाली. सर्रास वापरलं जाणारं एक प्रतिपिंड एचएसपी७० या ताण आल्यावर वाढणाऱ्या प्रथिनाला चिकटत होतं. खरा ग्राहक सुमारे ५९ किलोडाल्टन वजनाचा, दाखवले जाणारे बँड त्याहून जड. आता एचएसपी७० अनेक गाठींमध्ये खरोखरच वाढलेलं असतं. म्हणजे चुकीचं प्रतिपिंड नेमकं अपेक्षित उत्तर देत होतं: गाठीत जास्त, निरोगी ऊतीत कमी. न कातरलेला ब्लॉट आणि मार्करची, म्हणजे ज्ञात वजनाच्या प्रथिनांची, लेन प्रत्येक निबंधात छापली असती, तर वजन जुळत नाही हे कुठल्याही चौकस वाचकाच्या लक्षात आलं असतं.

ही एकटीदुकटी घटना नव्हे. इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहकाची १३ प्रतिपिंडं २०१७ मध्ये तपासली गेली, त्यातलं एकच विश्वासार्ह ठरलं. २०२३ मध्ये ६५ मानवी प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडं, ते ते जनुक काढून टाकलेल्या पेशींवर पारखली गेली. निम्म्याहून जास्त प्रतिपिंडं निदान एका वापरात नापास झाली, आणि प्रत्येक प्रथिनामागे सरासरी सुमारे १२ निबंधांत अशी नापास प्रतिपिंडं वापरलेली सापडली. कसोटी साधी आहे: ज्या पेशीत ते प्रथिन नाहीच, तिथेही बँड दिसला तर तो बँड त्या प्रथिनाचा नाही. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रानं अशा पेशी बनवणं आज कठीण राहिलेलं नाही. जनुक काढल्यावर पेशी जगतच नसेल तर जनुकाला दाबणाऱ्या छोट्या आरएनएनं (एसआयआरएनए) प्रथिन घटवून बँड फिका पडतो का ते पाहावं.

आरएनए मोजणाऱ्यांनी फार निश्चिंत राहू नये. क्यूपीसीआरमध्ये आरएनएपासून बनवलेला डीएनए दर चक्रात दुप्पट होत जातो, म्हणून एका चक्राचा फरक म्हणजे दुपटीचा फरक, आणि दीडपटीची वाढ म्हणजे सीटीत जेमतेम ०.५८ चा फरक. हा फरक ज्या आधारजनुकाशी तुलना करून काढतात ते अनेकदा जीएपीडीएच असतं. ‘ते कुठेही बदलत नाही’ हा समज. प्रत्यक्षात ते ग्लुकोज वापरणाऱ्या साखळीतलं विकर आहे, प्राणवायू कमी पडला की वाढतं, इन्सुलिननंही वाढतं. गाठीचा गाभा प्राणवायूला आसुसलेला असतो. तिथे जीएपीडीएच दुप्पट झालं, तर न बदललेली सगळी जनुकं कागदावर निम्म्यावर येतात आणि संशोधक त्यातल्या आपल्या आवडत्या जनुकाबद्दल ‘कर्करोगात दबलेलं जनुक’ म्हणून लिहितो. म्हणून निदान दोन-तीन आधारजनुकं घ्यावीत, आणि ती याच ऊतीत, याच आजारात स्थिर आहेत हे आधी दाखवावं.

दुसरी गोष्ट कार्यक्षमतेची. २००१ पासून सर्वत्र वापरात असलेलं डेल्टा-डेल्टा-सीटीचं सूत्र प्रत्येक चक्रात डीएनए बरोबर दुप्पट होतं असं धरून चालतं. रुग्ण आणि निरोगी यांत ३ चक्रांचा फरक आला तर सूत्र ८ पट सांगेल; प्रायमरची (डीएनएची नक्कल सुरू करून देणाऱ्या तुकड्यांची) कार्यक्षमता ८० टक्केच असेल तर खरा आकडा १.८ चा घन, म्हणजे सुमारे ५.८. दहा-दहापट विरळ केलेल्या नमुन्यांची मालिका चालवून रेषेचा उतार बघायला एक दुपार लागते. उतार उणे ३.३२ च्या आसपास हवा, उणे ३.१ ते उणे ३.६ चालतो. यासाठीची मायक्यूई ही मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून उपलब्ध आहेत. ती ऐच्छिक आहेत, म्हणूनच पाळणारे पाळतात आणि बाकीचे संदर्भयादीत नाव टाकून मोकळे होतात.

शिवाय संदेशवाहक आरएनए वाढला म्हणजे प्रथिन वाढलं, असं होत नाही. उंदराच्या पेशींतल्या ५,००० हून अधिक जनुकांवर २०११ मध्ये झालेल्या मोजणीत प्रथिनांच्या पातळीतल्या फरकाचा सुमारे ४० टक्के भागच आरएनएच्या पातळीवरून समजावता आला. गाठ रोखणारं पी५३ हे प्रथिन निरोगी पेशीत बनत राहतं आणि एमडीएम२ हे दुसरं प्रथिन त्याला मोडत राहतं. डीएनएला इजा झाली की मोडणं थांबतं आणि आरएनएत विशेष बदल न होता प्रथिन साचतं. प्राणवायूची चाहूल घेणारं एचआयएफ-१ अल्फाही असंच: प्राणवायू असला की काही मिनिटांत नष्ट, नसला की टिकून. ज्या कामाला २०१९ चं नोबेल मिळालं ते हेच. आता विचार करा, शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा अर्धा तास ट्रेमध्ये रक्तपुरवठ्यावाचून पडला, तर त्यातलं एचआयएफ आजाराचं सांगत आहे की ट्रेचं? हर-टूच्या नियमावलीत वेळ मोजतात ती उगाच नव्हे.

गर्भविकासातलं सगळ्यात देखणं उदाहरण हिमोग्लोबिनचं. गर्भात अल्फा आणि गॅमा साखळ्यांचं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत गॅमाची जागा बीटा घेते. गॅमाला दाबून ठेवणारा घटक बीसीएल११ए. नवजात आणि प्रौढ लाल पेशींच्या पूर्वजांत त्याचा आरएनए जवळपास सारखाच सापडतो; फरक पडतो तो भाषांतरणाच्या पायरीवर, प्रथिन बनताना. फक्त आरएनए मोजणाऱ्यानं ‘बदल नाही’ असा शेरा मारून फाइल बंद केली असती. बीसीएल११एचा दावा टिकला, कारण त्याचा पुरावा तीन वेगवेगळ्या बाजूंनी आला: लोकसंख्येतले जनुकीय फरक, पेशींत ते घटवल्यावर वाढलेलं गर्भ-हिमोग्लोबिन, आणि प्राण्यांवरचे प्रयोग. त्याच्याच नियंत्रक डीएनए-तुकड्यावर घाव घालणारा सिकल सेलचा क्रिस्पर-उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला.

विकासाच्या अभ्यासात आणखी एक सापळा असतो, आणि कच्च्या नोंदी नसतील तर तो बाहेरून दिसतच नाही. उंदराच्या गर्भात दर दोन तासांनी सोमाइटची (पुढे मणके आणि स्नायू बनणाऱ्या ऊतीच्या ठोकळ्यांची) एक नवी जोडी तयार होते. एकाच आईच्या पोटातल्या पिल्लांच्या वयातही काही तासांचा फरक असतो. ज्या गर्भातून एखादं जनुक काढलं आहे तो बऱ्याचदा मुळातच मागे रेंगाळतो. साडेनऊ दिवसांचे म्हणून दोन गर्भ तुलनेला घेतले, एकाला २६ जोड्या आणि दुसऱ्याला २१, तर शेकडो जनुकं ‘घटलेली’ दिसतील. ती घटलेली नसतात. त्यांची वेळ अजून आलेली नसते. म्हणून तुलना दिवसांवर न करता सोमाइट मोजून करायची आणि प्रत्येक गर्भाची संख्या तक्त्यात द्यायची.

आजारी ऊतीत हाच घोळ पेशींच्या प्रमाणाचा होतो. अल्झायमरच्या मेंदूत चेतापेशी मरतात, आधारपेशी फोफावतात. तुकडा वाटून आरएनए काढला की चेतापेशींची सगळी जनुकं खाली आणि दाहाची वर. उरलेल्या एकाही पेशीनं आपलं वागणं बदललेलं नसलं तरी हेच चित्र येईल. एकेका पेशीचा आरएनए वाचण्याच्या तंत्रानं यातला बराच भाग सुटतो, पण ऊती सुटी करताना ३७ अंशांवर विकरात ठेवली की फॉस आणि जून ही ताणाची जनुकं त्या तेवढ्या वेळात पेटतात. शिवाय तीन रुग्णांच्या १०,००० पेशी म्हणजे नमुने तीनच, १०,००० नव्हेत.

मोठ्या आकड्यांचा मुद्दा फार ताणत नाही. २०,००० जनुकं तपासली आणि योगायोगाची ५ टक्क्यांची मर्यादा लावली, तर काहीही फरक नसताना सुमारे १,००० जनुकं ‘लक्षणीय’ निघतील. त्यासाठीच्या दुरुस्त्या १९९५ पासून उपलब्ध आहेत. रुग्णांचे नमुने एका दिवशी आणि निरोगींचे दुसऱ्या दिवशी चालवले, तर मात्र कुठलीच दुरुस्ती वाचवत नाही, कारण दिवस आणि आजार वेगळे करताच येत नाहीत. कच्च्या फाइलींत दिवसाची नोंद असते, छापील आलेखात नसते.

कच्चे आकडे उघडे असण्याचं मोल ड्यूक विद्यापीठातल्या प्रकरणानं दाखवलं. जनुकांच्या अभिव्यक्तीवरून कुठली केमोथेरपी लागू पडेल हे सांगण्याचा दावा २००६ मध्ये छापला गेला आणि त्यावर रुग्णांच्या चाचण्याही सुरू झाल्या. कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी उपलब्ध फाइली उलगडल्या, तेव्हा जनुकांची यादी एका ओळीनं सरकलेली आणि काही ठिकाणी ‘औषधाला दाद देणाऱ्या’ व ‘न देणाऱ्या’ पेशींची लेबलं उलटी लागलेली सापडली. २०११ मध्ये मूळ निबंध मागे घेतला गेला. फाइली अर्धवट होत्या, म्हणून हे शोधायला त्यांना प्रचंड मेहनत पडली. सगळ्या असत्या तर ती चूक चाचण्यांच्या आधीच पकडता आली असती. ओळ सरकणं ही लबाडी असेलच असं नाही. एक्सेल सेप्ट२ या जनुकाची २ सप्टेंबर ही तारीख करतं, आणि ते इतकं वारंवार झालं की शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावं बदलावी लागली.

यावर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला खर्चाचा. तो खरा आहे, म्हणूनच तो अनुदानात स्वतंत्र बाब म्हणून धरावा असं म्हणतो; प्रतिपिंडाची किंमत मंजूर करायची आणि ते पारखण्याची करायची नाही, याला हिशेब म्हणत नाहीत. दुसरा रुग्णांच्या खासगीपणाचा. आरएनएच्या अनुक्रमातून व्यक्ती ओळखता येऊ शकते, हे बरोबर. त्यासाठी परवानगीनं उघडणारी भांडारं आहेत. आणि ब्लॉटमधून तर कोणाचीच ओळख पटत नाही, त्यामुळे ही ढाल तिथे पुढे करू नये. तिसरा आक्षेप असा, की फसवणूक करणारा कच्ची फाइलही बनवून देईल. देईल. पण कातरलेली चार बँडची प्रतिमा बनवणं आणि पार्श्वभूमी, मार्कर, डागांसकट अख्खं पटल बनवणं यात अंतर आहे. ४० नियतकालिकांतले २०,६२१ निबंध डोळ्यांनी तपासून २०१६ मध्ये जो आढावा छापला गेला, त्यात ३.८ टक्के निबंधांत एकच प्रतिमा गैररीत्या पुन्हा वापरलेली दिसली, आणि निदान निम्म्यांत ती मुद्दाम फेरफार केल्याच्या खुणा होत्या. हे फक्त छापलेल्या तुकड्यांवरून दिसलेलं. अल्झायमरमधल्या एबीटा-स्टार-५६ या प्रथिनावरचा २००६ चा गाजलेला निबंध ब्लॉटच्या प्रतिमांवरून अखेर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. मधली १८ वर्षं त्यावर संशोधनं उभी राहत होती.

चौथा आक्षेप सर्वात वजनदार वाटतो: नियम कडक झाले की निबंध कमी होतील आणि त्याचा फटका ज्यांची पीएच.डी. किंवा नोकरी पुढच्या निबंधावर अडली आहे त्यांना बसेल. एकटी प्रयोगशाळा स्वतःहून काटेकोर राहिली तर ती मागे पडते, हे खरंच आहे. त्यामुळे हे शहाणपणाच्या आवाहनावर सोडून चालणार नाही. अट सगळ्यांना एकाच तारखेपासून लागली पाहिजे. जुन्या, साठवलेल्या नमुन्यांवरच्या कामाला त्यातून सवलत द्यावी, कारण त्यांच्या वेळेच्या नोंदी आता कुठून आणणार? मात्र त्या निबंधांत तसं स्पष्ट लिहावं. नव्या अनुदानांना पहिल्या दिवसापासून पूर्ण अट. आणि निवड समित्यांनी निबंधांची संख्या मोजताना, प्रतिपिंड नापास झाल्याचं सांगणारा दोन पानी अहवालही एक पूर्ण काम म्हणून धरावा. तसा अहवाल लिहिणाऱ्याला आज त्याचं काहीच श्रेय मिळत नाही, त्यामुळे तेच प्रतिपिंड पुढची प्रयोगशाळा पुन्हा विकत घेते.